चित्रातल्या घराची चूल

भिंतीवर एक चित्र टांगायला किती वेळ लागतो, असं हल्ली मला कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. उठून आतल्या खोलीत जातो.

तसा मी अडाणी माणूस नाही. बिश्केकच्या एका तांत्रिक संस्थेत मी पोरांना शिकवतो. तुळई किती भाराला वाकेल, भिंत कुठे तडकेल, कुठला खिळा काय पेलेल, हे फळ्यावर काढून दाखवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे आमच्या बैठकीच्या भिंतीत भोक पाडायची वेळ आली तेव्हा मी जरा ताठ मानेनेच उभा होतो, हे मान्य करतो.

वेळ आली ती गालिच्यामुळे. लग्नापासून त्या भिंतीवर एक लाल गालिचा होता. एके दिवशी माझ्या बायकोने, आयचुरेकने, जाहीर केलं की भिंतीवर गालिचा आता फक्त म्हाताऱ्यांच्या घरी दिसतो. तिने तो उतरवून भावाला देऊन टाकला. मागे राहिला एक मोठा उजळ चौकोन. कुठेही बसा, तो चौकोन आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं.

"इथे काहीतरी आणा," ती म्हणाली. "पण घोडे नकोत. आणि गरुडवाला म्हातारा तर मुळीच नको."

शहरातल्या ओक वृक्षांच्या बागेत चित्रकार आपापली चित्रं झाडांना टेकवून उभे असतात. त्यातली बहुतेक चित्रं घोड्यांची आणि गरुडवाल्या म्हाताऱ्यांचीच. एका कोपऱ्यात ओमुराली नावाचा एक किडमिडीत चित्रकार हातमोज्यांत फुंकर मारत बसला होता. त्याच्याकडे मला हवं ते मिळालं. काळं-पांढरं छापचित्र. संध्याकाळचं काळंभोर आभाळ, त्याखाली बर्फात बुडालेली मातीची घरं, वाकडंतिकडं कुंपण, उघडेबोडके पॉप्लर, एक गवताची गंजी, मागे डोंगर. माणूस नाही, कुत्रं नाही, कुठल्याही धुराड्यातून धूर नाही. बघूनच कानाला शांत वाटलं.

"हा छाप आहे," ओमुराली म्हणाला, "पण छापखान्यातला नाही. लिनोलियमवर मी स्वतः कोरलं, स्वतः शाई लावली, स्वतः दाबून काढलं. खाली सही आहे बघा."

घरी येऊन हे सगळं मी आयचुरेकला अभिमानाने सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "छाप? म्हणजे हेच दुसऱ्यांच्याही घरात असणार?"

त्यानंतर माझा उरलासुरला मान घालवला तो गेनादी ल्वोविच यांनी. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, ट्रॉलीबसच्या डेपोतून निवृत्त झालेत. जन्म इथला, म्हातारपण इथलं, पण किर्गिझ भाषा त्यांना चहा मागण्यापुरतीच येते. बाकी सगळं आम्ही त्यांच्याशी रशियनमध्ये बोलतो. माझ्या हातातला खिळा आणि हातोडी पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काँक्रीटच्या भिंतीला खिळा? तेमिरकुल, तू खरंच शिकवतोस ना?"

ते वर जाऊन एक ड्रिल घेऊन आले. ते यंत्र पाहून मला वाटलं, आता युद्ध सुरू होणार. मी पेन्सिलीने खूण केली, भार मोजला, कोन ठरवला. त्यांनी मला बाजूला ढकललं आणि यंत्र चालू केलं. भिंत थरथरली, कपाटातले पेले किणकिणले, आणि यंत्र एकाएकी सैल होऊन मुठीपर्यंत आत गेलं. भिंतीच्या आतून एक बाई ओरडली, "मेल्यांनो, माझी साखर!"

तो आवाज अख्खा जिना ओळखतो. पलीकडच्या घरातल्या उल्कान आपा. आमच्या बुटांच्या आवाजाबद्दल, आमच्या मुलीच्या कोमुझ वाजवण्याबद्दल, आयचुरेकच्या फोडण्यांबद्दल त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या तक्रारी केल्या होत्या, की आमच्याबद्दल त्यांच्या तोंडून एखादा बरा शब्द निघाला असता तर आम्ही डॉक्टरला बोलावलं असतं. आता त्यांच्या स्वयंपाकघरातली फळी पडली होती. एप्रनमध्ये साखर घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"चुकलंच, आपा, मी आत्ता साखर..."

"साखर राहू दे," त्या म्हणाल्या. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. सोफ्याला टेकवलेल्या चित्राकडे त्या बघत होत्या. "हे कुठून आणलंस?"

"बागेतून."

त्या खाली बसल्या. त्यांच्या गुडघ्यांचा जो काही इतिहास आम्हाला माहीत होता, त्यानुसार हे अशक्य होतं. साखर सतरंजीवर सांडली. त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"हे लोहाराचं घर. ही शाळा, छप्पर गळायचं. हे कुंपण वाकवलं ते आमच्या खोंडाने. आणि हे..." बोट शेवटच्या घराशी थांबलं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझी चूल कुणी पेटवली?"

आपांचं गाव तोक्तोगुलच्या धरणाखाली गेलेलं, हे जिन्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या जागी गेली कित्येक वर्षं नुसतं पाणी आहे.

मी, आयचुरेक आणि गेनादी ल्वोविच, आम्ही तिघंही वाकलो. शेवटच्या घराच्या धुराड्यातून एक बारीक पांढरी रेघ काळ्या आभाळात वर गेली होती.

"हे आधी नव्हतं," मी म्हणालो.

"तुम्ही कधी नीट बघून काय आणलंय?" आयचुरेक म्हणाली. "मागच्या वेळची सफरचंदं आठवा."

पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

चित्र लागलं. बरोबर त्या भोकावर. भोक बुजवायला मी चुना कालवून घेतला होता, पण आपांनी साफ नकार दिला. "बुजवलंस तर पालिकेच्या कचेरीत तक्रार करीन," म्हणाल्या. त्याचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी चहात बोर्सोक, म्हणजे तळलेल्या पिठाचा तुकडा, बुडवत होतो आणि चित्राच्या मागून आवाज आला, "तेमिरकुल! धूर आहे का?"

माझा बोर्सोक पेल्याच्या तळाशी गेला.

"आहे, आपा."

"कुठल्या अंगाला जातोय?"

मी उठून पाहिलं. काल तो सरळ होता. "डोंगराकडे."

"मग बर्फ येणार," चित्र म्हणालं.

बर्फ आलं. हिवाळ्यात बर्फ येतंच, असं मी आयचुरेकला समजावलं. ती हो म्हणाली आणि सोफा त्या भिंतीपासून लांब सरकवला. रोज सकाळी हे चालू झालं. मला त्याची इतकी सवय झाली की आमच्या संस्थेचे प्रमुख चहाला आले तेव्हा सांगून ठेवायचं राहूनच गेलं. ते साहेब चित्राजवळ जाऊन "वा, काय नीरव शांतता आहे," असं म्हणत होते, तेवढ्यात त्या नीरव शांततेने त्यांना विचारलं, "लाकडं घातलीत की गोवऱ्या?" साहेबांनी पेला खाली ठेवला. तेव्हापासून ते मला संस्थेच्या जिन्यात वाट देतात.

गोवऱ्यांचं मात्र खरं निघालं. त्या आठवड्यात घरात वास यायला लागला. शेणाच्या गोवऱ्या जळल्यावर येतो तो वास, गोडसर, खेड्यातला, डोळ्यांना किंचित झोंबणारा. आमच्याकडे वीज आणि नळीने येणारी गरमी, आपांकडेही तेच. पण वास जिन्यात उतरला, खालच्या मजल्यावर पोचला आणि इमारतीच्या समितीच्या तुर्सुनाय एजे, म्हणजे तुर्सुनायताई, नाकाला रुमाल लावून वर आल्या.

"शिकलेली माणसं तुम्ही," त्या म्हणाल्या. "फ्लॅटमध्ये शेण जाळता?"

मी नाही म्हटलं. त्यांनी हुंगलं. मी पुन्हा नाही म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. दोन दिवसांत कचेरीतून एक तरुण इन्स्पेक्टर आला, बिनपरवाना चुलीची तपासणी करायला. त्याने न्हाणीघर पाहिलं, गच्ची पाहिली, पलंगाखाली पाहिलं.

"चूल कुठे आहे?"

"नाही आहे."

"चित्रात आहे!" भिंतीमागून आपा ओरडल्या.

इन्स्पेक्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्याने स्वतःला सावरलं. "चूल नसल्याचा दाखला आणा म्हणजे प्रकरण मिटवतो," म्हणाला. मी कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघून सांगितलं की दाखला असलेल्या चुलीचा मिळतो. नसलेल्या चुलीचा हवा असेल तर आधी चूल बांधा, नोंदवा, मग पाडा. मी तुळयांचं गणित शिकवणारा माणूस, पण असा भक्कम युक्तिवाद मी कधी ऐकला नव्हता.

इन्स्पेक्टर मात्र पुन्हा आला नाही. जाताजाता त्याने चित्राच्या काचेला, शेवटच्या घरापाशी, सहज बोट लावलं होतं. बोट झटक्यात मागे घेतलं होतं. "बाइके," तो मला म्हणाला, "हे गरम आहे." आणि जिना उतरून गेला. टोपी आमच्याकडेच राहिली. ती न्यायलाही कोणी आलं नाही.

तो गेल्यावर मी हात लावला. बाकीची काच गार होती. त्या एका जागी, चहाच्या पेल्याला हात लावावा तशी ऊब होती.

मग मी चित्र उतरवून कागदात गुंडाळलं आणि ओमुरालीच्या कामाच्या खोलीत घेऊन गेलो. तावातावाने गेलो, कारण भीती वाटली की मी तावातावाने वागतो. "हा धूर तुम्ही काढलात की नाही?"

त्याने चित्र खिडकीशी धरलं. मग त्याने कपाटातून लिनोलियमचा मूळ ठसा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "कोरलेलं पांढरं उमटतं, न कोरलेलं काळं. आता इथे अंगठा फिरवा."

ठशावर सगळं उलटं होतं, पण शेवटचं घर मी ओळखलं. त्याच्या वरच्या आभाळावर मी अंगठा फिरवला. सपाट होतं. गुळगुळीत. तिथे कोरणीचा ओरखडाही नव्हता.

"माझा मामा धरणाच्या मोजणीवर होता," ओमुराली म्हणाला. "त्याने काढलेल्या फोटोवरून मी हे कोरलं. गाव उठलं, शेवटचा ट्रक गेला, त्यानंतरचा फोटो. तिथे धूर कुठून येणार?" त्याने खणातून त्याच ठशाचे दुसरे छाप काढून पसरले. सगळी घरं थंड होती. मग त्याने माझं चित्र कागदात गुंडाळलं, गुंडाळताना त्याचे हात जरा घाईत होते, आणि ते माझ्या काखेत कोंबलं. "बाइके, विकलेलं मी परत घेत नाही."

"मी परत कुठे देतोय?"

"नाही, तरी सांगून ठेवलं."

घरी आलो तर आपा आमच्याच सोफ्यावर बसल्या होत्या. आयचुरेकने त्यांच्यापुढे चहा ठेवला होता, आणि तिचे डोळे लाल होते. गेनादी ल्वोविचही एका बाजूला अवघडून बसले होते.

"त्यालाही सांगा, आपा," आयचुरेक म्हणाली.

आपांनी सांगितलं. जसं दुधाचा भाव सांगावा तसं. त्या गावात शेवटच्या हिवाळ्याच्या तोंडावर, जमीन गोठायच्या आत, त्यांची मुलगी तापाने गेली. आयिम नाव. नुकतीच बोलायला लागली होती, दिसेल त्या माणसाकडे बोट दाखवून हा कोण, ही कोण, विचारून भंडावून सोडायची. घराच्या खालच्या अंगाला पॉप्लरांखाली तिला पुरलं. गाव उठलं तेव्हा लोकांनी आपापली माणसं उकरून वरच्या कबरस्तानात नेली. आपांच्या नवऱ्यानेही पहार घेतली, पण जमीन गोठून दगड झाली होती. पहार वाकली. बर्फ वितळल्यावर येऊ, म्हणाले. बर्फ वितळलं तेव्हा तिथे पाणी होतं.

"कधी गेला नाहीत परत?" मी विचारलं.

"पाण्याकडे काय बघायचं?" आपा म्हणाल्या. मग चित्राच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "पण आता घरात कुणीतरी आहे. चूल पेटली म्हणजे माणूस आहे. मी इथे बसून चहा पिऊ?"

यावर शास्त्रीय असं बरंच काही बोलता आलं असतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात गेनादी ल्वोविचनी घसा साफ केला. आयचुरेकने त्यांना सगळं रशियनमध्ये सांगितलं होतं.

"यंदा धरणाचं पाणी फार खाली गेलंय," ते म्हणाले. "जुने पाये उघडे पडलेत, बातम्यांत दाखवत होते." मग मला म्हणाले, "तुझी गाडी चढ चढते का?"

"चढते."

"चढत नाही, मला माहीत आहे. म्हणून मी येतो."

तर अशा रीतीने, एका भिंतीवरचा चौकोन झाकण्यासाठी सुरू केलेलं काम आम्हाला घेऊन घाटातल्या बोगद्यातून धरणाकडे निघालं. आपा पुढे, माझ्या शेजारी. मागे आयचुरेक, मांडीवर फडक्यात बांधलेले बोर्सोक, आणि गेनादी ल्वोविच, मांडीवर हत्यारांची पेटी. सुसामीरचं पठार पांढरंफेक पडलं होतं, आभाळ आणि जमीन यांतली शिवण सापडत नव्हती. दुसऱ्या घाटात गाडीने मान टाकली. गेनादी ल्वोविचनी तिच्या पोटात हात घालून तिला शिव्या दिल्या आणि ती पुन्हा चालू झाली. आपांनी त्या शिव्यांना मान डोलावली. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पाणी खरंच लांब गेलं होतं. उतारावर गाडी सोडून आम्ही गोठलेल्या करड्या चिखलात उतरलो. वर बर्फाचा पातळ थर होता आणि त्यातून घरांचे पाये दातांसारखे वर आलेले. रांगेत. वारा नव्हता. पॉप्लरांचे बुंधे काळे, गुडघ्याएवढे. आपा काठी न टेकता चालत होत्या, वळणं घेत, जिथे आम्हाला काहीच दिसत नव्हतं तिथे वळत. शेवटच्या घरापाशी मी जवळच्या वाटेने पायाचे दगड ओलांडायला लागलो.

"भिंतीतून काय येतोस?" त्या कडाडल्या. "दार आहे ना!"

मी मागे फिरलो आणि जिथे त्यांनी दाखवलं तिथून आत गेलो. आयचुरेक आणि गेनादी ल्वोविचही एकामागून एक तिथूनच आले. गेनादी ल्वोविचनी टोपी काढली होती.

आत, म्हणजे जिथे आत असायला हवं होतं तिथे, माती आणि दगडांचा एक ढीग होता. चूल. सगळीकडे बर्फ होतं, त्या ढिगावर नव्हतं. भोवतीची माती ओली होती.

उन्हामुळे, मी मनात म्हटलं. ऊन नव्हतं. मी हातमोजा काढून दगडाला हात लावला. माझ्यानंतर गेनादी ल्वोविचनी लावला, खूप वेळ ठेवला, मग हातमोजा परत घातला आणि त्याची बोटं एक एक करून नीट बसवत राहिले.

आयचुरेकने फडकं सोडून बोर्सोक दगडावर मांडले. आपांनी ओंजळ पसरून प्रार्थना केली, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि खाली पाण्याकडे निघाल्या. ज्या पॉप्लरांखाली मुलीला ठेवलं होतं ते अजून पाण्यातच होते. काठाशी उभं राहून त्यांनी एकदाच हाक मारली.

"आयिम!"

पाण्यावरून काहीतरी परत आलं. त्यावर आपा काही बोलल्या. मग पाणी नुसतं पाणी झालं.

त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता, पण चाल बाजारातून परतणाऱ्या बाईसारखी होती. "चला," म्हणाल्या, "अंधार व्हायच्या आत घाट ओलांडू." गाडीत बसल्या आणि लगेच डोळे मिटले.

मी गाडी चालवत होतो आणि मनात सगळं नीट मांडत होतो. समोरच्या काठाला कडा आहे. कड्यावरून आवाज परत येतो. याला प्रतिध्वनी म्हणतात, आणि त्याची कारणं मी फळ्यावर काढून दाखवू शकतो. एवढीच अडचण होती की प्रतिध्वनी आपण दिलेलंच परत करतो. पण दमलेल्या माणसाच्या कानाला काहीही ऐकू येतं. शिवाय मी एकटाच...

"तेमिरकुल," मागून गेनादी ल्वोविच हलक्या आवाजात म्हणाले, "ती मुलगी काय म्हणाली?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"कुठली मुलगी?"

"मला भाषा येत नाही," ते म्हणाले. "ऐकू येतं."

आरशात मी आयचुरेककडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "सांगा त्यांना," ती म्हणाली.

"तिने विचारलं," मी म्हणालो, "ही माणसं कोण?"

बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. मी काच पुसायचा वायपर चालू केला.

"आणि म्हातारी काय म्हणाली?"

"म्हणाली, शेजारी आहेत. बरे आहेत."

घाटाची वळणं सुरू झाली. एक वळण गेलं, मग दुसरं. "बरे आहेत," गेनादी ल्वोविच स्वतःशीच पुटपुटले. मग पुढे वाकले. त्यांचा श्वास माझ्या कानाशी आला.

"मला धरून?"

"त्यालाही धरून," आपा डोळे न उघडता म्हणाल्या. "तू रस्त्याकडे बघ."